डेकखालची जुनी पेट्रोल टाकी बाहेर काढताना

फायबरच्या पॉवरबोटीत डेकखाली बसवलेली ॲल्युमिनियमची टाकी बहुतेक वेळा बाहेरून सडते. तिच्याभोवती ओतलेल्या फोममध्ये खारे पाणी अडकते आणि ते तिला खाते. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच धातूला सांभाळतो. ओल्या फोमच्या आत मात्र हवा पोचत नाही, पाणी हलत नाही, क्षार साठत जातात, आणि हा थर एकदा फुटला की पुन्हा नीट धरत नाही. मग बारीक बारीक खड्डे पडू लागतात आणि कालांतराने तीन मिलिमीटरचा पत्रा आरपार जातो. झाकण उघडून वरून पाहिले तर तीच टाकी चकचकीत दिसते. म्हणून जुनी टाकी काढायची म्हणजे मुख्यतः फोम काढायचा, आणि तो काढताना पाणी आले कुठून हे शोधायचे. ते न शोधता नुसती टाकी बदलली तर नवी टाकीही त्याच वाटेने जाते.

इथे डोळ्यांसमोर आहेत त्या १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या वीस ते पंचवीस फुटी सेंटर कन्सोल बोटी. मधोमध कन्सोल म्हणजे सुकाणूचा उभा चौथरा, त्याखाली दोन स्ट्रिंगरांच्या, म्हणजे तळाला बळ देणाऱ्या लांब तुळयांच्या, मध्ये साठ गॅलनची म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपासची टाकी, बाजूंनी आणि खालून पॉलियुरेथेन फोम, वर डेक. मुंबई-मांडव्यापासून गोव्यापर्यंत कुणी अशी जुनी आयात बोट घेतली असेल, किंवा अमेरिकेत राहणाऱ्या कुणाच्या अंगणात ट्रेलरवर अशी बोट उभी असेल, तर हे त्यांच्यासाठी. आउटबोर्ड म्हणजे मागे बाहेरून टांगलेले इंजिन लावलेल्या छोट्या बोटींत सुटी, उचलून नेता येणारी टाकी असते. त्यांना यातले काही लागत नाही.

आधी दोष टाकीचाच आहे ना?

पेट्रोलचा वास आला म्हणून लगेच डेक कापायला घेऊ नका. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि निम्मी झाल्यावर जात असेल, तर गळती वरच्या अंगाला असते: सेंडरखालचे (पेट्रोलची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाखालचे) गॅस्केट, भरण्याचा दीड इंची होज, व्हेंटचा म्हणजे हवा जाण्यायेण्याचा होज किंवा त्यांच्या क्लिपा. हे सगळे डेकवरच्या गोल झाकणांतून हाताला लागते. टाकी किती भरली आहे याचा वासाशी संबंधच नसेल, बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत साठणाऱ्या, पाण्यावर तेलाचे रंग तरंगत असतील, तर संशय तळावर घ्यावा. फिल्टरमध्ये पुन्हा पुन्हा पाणी सापडले तर आधी डेकवरच्या फिलर कॅपची ओ-रिंग पाहा. आठ आण्याच्या रबरासाठी अख्खा डेक उचकटला जातो.

खात्री दाबाच्या चाचणीने होते, आणि ती टाकी रिकामी केल्यावरच करावी, नाहीतर तळाच्या भोकातून पेट्रोल दाबाने बाहेर येते. तिन्ही होज (भरण्याचा, व्हेंटचा आणि इंजिनाकडे जाणारा) टाकीजवळ सोडून बुचे मारा, एका जागी कमी दाबाचे गेज आणि सायकलच्या हातपंपाची नळी जोडा. दाब ३ पीएसआयच्या (चौरस इंचाला तीन पौंडांच्या) वर न्यायचा नाही. टाकीच्या लेबलवर चाचणीचा दाब छापलेला असतो आणि तो सहसा इतकाच असतो. आकडा लहान वाटतो, पण १८०० बाय ७०० मिमीच्या वरच्या पत्र्यावर ३ पीएसआयचा एकूण जोर अडीच टनांच्या वर जातो. कंप्रेसर लावला तर पत्रा फुगतो आणि चांगले वेल्डही उघडतात. चाचणी सावलीत, सकाळी करा. उन्हाने टाकी तापली की काटा आपोआप चढतो आणि गळती झाकली जाते. वरच्या सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे कुठेच नाहीत आणि काटा मात्र पंधरा-वीस मिनिटांत खाली येतो, म्हणजे भोक फोमच्या आड आहे. आता डेक उघडावाच लागेल.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात म्हणून आपल्याकडे हे काम तेव्हा काढायचा मोह होतो. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत ना ओला फोम वाळतो, ना उघडे पडलेले लाकूड, आणि रेझिनही नीट धरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलची वाफ फार होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ.

टाकी रिकामी करणे

सगळ्या कामात माणसे इथे दगावतात, म्हणून सावकाश वाचा.

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती उडून जात नाही, बिल्जच्या तळाशी साठून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असले की एका ठिणगीने भडका उडतो. त्याहून दाट वाफ पेटत नाही. भरलेल्या बंद टाकीत वाफ बहुधा या पट्ट्याच्या वर असते; नुकतीच उपसलेली, तोंडे उघडी असलेली टाकी नेमकी या पट्ट्यात येते. ‘रिकामी झाली, आता भीती नाही’ हा समज म्हणूनच उलटा आहे.

बोट उघड्यावर ठेवा, शेडमध्ये नको. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा आणि नाळेकडची म्हणजे पुढची बाजू वर उचला, म्हणजे पेट्रोल मागच्या पिकअपकडे, इंजिनासाठी पेट्रोल ओढणाऱ्या नळीकडे, येईल. एकही जोड उघडण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडा आणि बॅटरी बोटीतून खाली उतरवून लांब न्या. तार सोडताना ठिणगी पडतेच, म्हणून हा क्रम बदलायचा नाही. किनाऱ्यावरच्या विजेची केबल, चार्जर, मोबाइल, साधा टॉर्च सगळे दूर. अंगात सुती कपडे, हातात नायट्राइलचे मोजे, तोंडाला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. ६ किलोचे दोन ड्राय पावडर सिलिंडर जवळ, आणि एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, त्याच्या हातात दुसरे काम नको.

बोट ट्रेलरवर असल्याने जमिनीवरचे डबे टाकीच्या खाली येतात. त्यामुळे आउटबोर्डचा हातपंप, म्हणजे रबरी प्रायमर बल्ब, लावून सायफन सुरू करून दिला की पुढे पेट्रोल आपोआप उतरते. तोंडाने ओढायचे नाही. साधा बारा व्होल्टचा पंप तर मुळीच नको, त्याच्या ब्रशांत सतत ठिणग्या पडतात. नळीतून वाहणाऱ्या पेट्रोलवर स्थिर वीज चढते, म्हणून आधी टाकीच्या ग्राउंडच्या पट्टीपासून धातूच्या डब्यापर्यंत तार चिमट्याने जोडा, मग नळी सोडा. नळीचे तोंड डब्याच्या तळाला टेकलेले असावे. उंचावरून पडणारी धार जास्त वीज चढवते.

भारतात हे काम करणाऱ्यांनी पेट्रोलियम कायद्याचा हिशोबही ठेवावा. १९३४ च्या या कायद्याप्रमाणे विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल जवळ ठेवता येते, तेही धातूच्या, घट्ट बुचाच्या, प्रत्येकी २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या डब्यांत. दीडशे लिटर काढून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून घरामागे ठेवणे बेकायदा तर आहेच, शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळही आहे. बोट चालत असेल तर पेट्रोल आधी समुद्रात फिरून संपवावे आणि टाकी तळाला आल्यावरच किनाऱ्यावर घ्यावी. तळ गळत असेल किंवा बिल्जमध्ये पेट्रोलचा वास असेल तर मात्र इंजिनाला हातही लावू नका. तेव्हा परवाना असलेल्या माणसाकडूनच टाकी उपसून घ्यावी.

पिकअपची नळी तळापासून वीसेक मिमी वर संपते. तळ सव्वा चौरस मीटरचा आणि सपाट असेल तर तेवढ्यातच पंचवीस लिटर पेट्रोल मागे राहते. ते सेंडरच्या भोकातून काढायचे. सेंडर पाच स्क्रूंवर बसतो आणि भोके असमान अंतरावर असतात, म्हणून तो एकाच दिशेने बसतो. स्क्रू हाताने सोडा, इम्पॅक्ट ड्रायव्हर नको. उघडलेले भोक साधारण ४० मिमीचे, त्यातून नळी तळाच्या कोपऱ्यापर्यंत जाते. आत बॅफल म्हणजे आडवे पडदे असतात. त्यांच्या कोपऱ्यांतल्या वाटा गाळाने बुजल्या असतील तर प्रत्येक कप्प्यात थोडे पेट्रोल अडून राहते. ट्रेलरचा पुढचा भाग दोन-तीनदा वरखाली करून पाहिले की ते सरकते.

बाहेर आलेले पेट्रोल काचेच्या बरणीत तासभर ठेवून पाहा. दहा टक्के इथेनॉल असलेले शंभर लिटर पेट्रोल साधारण अर्धा लिटर पाणी पोटात ठेवू शकते; त्याहून जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर बसतो. आपल्याकडे २०२३ पासून ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, येऊ लागले. ते पाणी थोडे जास्त पचवते, पण पाणी हवेतून ओढूनही घेते आणि जुन्या होजचे रबर मऊ करते. दोन थर दिसले तर वरचे पेट्रोलही इंजिनात घालू नका, कारण इथेनॉल खाली गेल्याने त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. असे पेट्रोल आणि पुढे निघणारा पेट्रोलमिश्रित फोम हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच तो द्यावा. गटारात, वाळूत किंवा खाडीत जाता कामा नये.

मग वाफ. भांडी घासायचा साबण मिसळलेले वीस-पंचवीस लिटर पाणी टाकीत टाकून बोट हलवा आणि उपसून काढा. तळ गळका असेल तर पाणी कमी घ्या. त्यानंतर ब्लोअर वाऱ्याच्या बाजूला, बोटीपासून दूर ठेवून लांब नळीने सेंडरच्या भोकातून हवा आत ढकला. ती भरण्याच्या तोंडातून बाहेर पडेल. हवा ढकलायची, ओढायची नाही. व्हॅक्युम क्लिनरने ओढली तर सगळी वाफ त्याच्या मोटरमधून जाते. पेटणारी वाफ मोजणाऱ्या वायुमापकावर टाकीच्या तळाशी, बिल्जमध्ये आणि टाकीभोवतीच्या पोकळीत असे तिन्हीकडे वाचन पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांखाली आले पाहिजे. रात्रभर सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. फोममध्ये मुरलेले पेट्रोल हळूहळू वाफ सोडत राहते आणि आदल्या संध्याकाळचा चांगला आकडा सकाळी खोटा ठरतो.

टाकीत नायट्रोजन भरून बुचे मारली तर पुढची कापाकापी आणखी निर्धास्त होते. मात्र मोजमाप नायट्रोजन भरण्याआधी करा, कारण साधे मापक जळून मोजते आणि ऑक्सिजन नसेल तिथे ते शून्य दाखवते. आग विझवायच्या सिलिंडरातला कार्बन डायऑक्साइड या कामाला वापरू नका. त्यातून बर्फाचे कण वेगाने सुटतात आणि तेच स्थिर विजेची ठिणगी पाडू शकतात.

डेक

काही बोटींत टाकीवर स्क्रूंनी बसवलेले मोठे झाकण असते. कड्यांवरचा जुना पॉलियुरेथेन सीलंट पातळ पात्याने कापत गेले की ते निघते. हीट गन लावू नका. झाकण नसेल तर डेक कापावा लागतो, आणि त्याआधी बहुतेक बोटींत कन्सोल सरकवावा लागतो. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा. स्टिअरिंग आणि थ्रॉटलच्या केबली शक्यतो सोडू नका. कन्सोल पूर्ण न काढता फूट-दीड फूट पुढे सरकवून भागते.

कुठे कापायचे हे टाकीवरून ठरते, पण टाकी दिसत नाही. सेंडर, पिकअप आणि फिलर ही तीन भोके कुठे आहेत ते मोजून डेकवर खडूने टाकीचा आराखडा काढा, मागून बिल्जमधून पट्टी सारून टाकीचे टोक पडताळा. स्ट्रिंगरांची जागा डेकवर हातोडीने ठोकून कळते, तिथे आवाज भरीव येतो. स्ट्रिंगरच्या आत तीसेक मिमी ओठ ठेवून कापा, म्हणजे तुकडा परत बसवताना खाली पट्ट्या चिकटवता येतात. लांबीला टाकीपेक्षा किमान शंभर मिमी जास्त घ्या. टाकी सरळ वर येत नाही, एक टोक आधी उचलावे लागते. डेकवरच्या खरखरीत पट्ट्यांच्या मधून गुळगुळीत जेलकोटची (फायबरवरच्या रंगीत थराची) रेघ जात असते, तिच्यावरून कापले तर नंतरचा सांधा झाकला जातो. चारी कोपऱ्यांत आधी होल सॉने ५० ते ७५ मिमीचे गोल भोक पाडा. काटकोनी कोपरा ठेवला तर लाटांच्या माऱ्यात तिथूनच तडा सुरू होतो.

डेकची जाडी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय सॉ लावू नका. टाकीपासून दूर, सुरक्षित जागी एक भोक पाडून पाहा. वर चार-पाच मिमी फायबर, मध्ये १२ मिमी प्लायवुड किंवा बाल्सा, खाली दोन-तीन मिमी फायबर असा थर साधारण निघतो. सॉच्या पात्याची खोली त्या जाडीपेक्षा एका मिमीने जास्त ठेवा, कारण टाकीचा पत्रा डेकपासून पुष्कळदा दहा-पंधरा मिमीवरच असतो. मधले लाकूड काळे आणि ओले निघाले तर पहिला धागा मिळाला: पाणी डेकमधून उतरत होते.

फोम

टाकीचे होज ओढून काढू नका. वीस-तीस वर्षांचा होज नळकांड्याला घट्ट धरून बसलेला असतो, ओढला की नळकांडे वेल्डपासून फाटते आणि टाकीला नवे तोंड पडते. चाकूने लांबीच्या दिशेने चीर देऊन सोलून काढा. ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या पितळी फिटिंगलाही पाइप पान्हा घालून झगडू नका; टाकी भंगारातच जायची आहे, होज कापून फिटिंग तसेच राहू द्या आणि सगळी भोके बुचांनी बंद करा. टाकीला स्ट्रिंगरांशी धरणारे ॲल्युमिनियमचे कोन किंवा पट्टे सोडा. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले असतात. डोके तुटले तर ड्रिलने उडवा, तोही हवेवर चालणारा असेल तर उत्तम.

आता टाकी मोकळी दिसते, पण हलत नाही. १८०० बाय ७०० बाय २०० मिमीची, तीन मिमी पत्र्याची टाकी बॅफलांसकट जेमतेम ३५ किलोची. दोन माणसे ती सहज उचलतील, पण ओतलेला फोम पत्र्याला चिकटून वाढलेला असतो आणि त्याची पकड शेकडो किलोंची असते. चेनपुली लावून ताण दिला की टाकी जागची हलत नाही, बोटच ट्रेलरवरून उठायला लागते. इथे ताकद लावणाऱ्यांच्या हातून स्ट्रिंगर सुटतात, तळाच्या फायबरला तडे जातात. फोम कापण्यावाचून दुसरा मार्ग नाही आणि ते काम हाताचेच आहे.

बाजूंचा फोम लांब, लवचिक पात्याच्या करवतीने टाकीला घासून उभा कापा. मग लांब ड्रिलने किंवा जुन्या छिन्नीने त्याचे चौकोनी तुकडे पाडून बाहेर काढा, असा की टाकीच्या भोवती तळापर्यंत हात जाईल इतका चर तयार होईल. पाण्याचा फवारा मारत राहिले तर धूळही उडत नाही आणि स्थिर वीजही चढत नाही. फोमवर गरम पाते किंवा हीट गन चालवू नये. पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइड सुटतो.

तळासाठी तीनेक मिमी जाडीची स्टीलची वायर रोप घ्या, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधा. ती टाकीच्या पुढच्या टोकाखालून सारा आणि दोन माणसांनी दोन बाजूंना उभे राहून आलटून पालटून ओढत मागे न्या. तळाचा फोम असा पातळ कापत जातो. जिथे तार अडते तिथे बहुधा लाकडी पट्टी किंवा गोंदाचा ढीग असतो. तिथे जोर न करता दुसऱ्या टोकाकडून या.

याच वेळी टाकीला वरून बेताचा ताण देऊन ठेवा. कन्सोलच्या जागेवर दोन्ही बाजूंना लाकडी घोडे, त्यांवर १०० बाय १०० चा वासा, त्याला चेनपुली. घोड्यांचे पाय स्ट्रिंगरवर टेकवा, गनवेलवर म्हणजे बोटीच्या वरच्या काठावर भार टाकू नका. थोडा ताण, तासभर थांबणे, पुन्हा करवत, पुन्हा थोडा ताण. एक टोक दोन बोटे वर आले की खाली लाकडी पाचर सारा आणि ताण सोडून पाहा. पहार घालून स्ट्रिंगरच्या आधाराने उचकटणे हा सगळ्यांत महागात पडणारा शॉर्टकट आहे. काही लोक बुचे मारलेल्या टाकीभोवती पाणी भरतात. अशा टाकीला पाणी दोनशे किलोंच्या वर जोराने वर ढकलते आणि ती सुटते, हे खरे. पण ते पाणी स्ट्रिंगरच्या लाकडात शिरते आणि पेट्रोलने घाण होऊन बाहेर येते. मला ही युक्ती पटत नाही.

बाहेर आलेली टाकी वाचा

टाकी उलटी करून धुण्याआधी फोटो घ्या. तळावर पांढरी पिठूळ पुटे दिसतील, ती खरवडली की खाली खड्डे. ते सगळीकडे सारखे पसरले असतील तर फोममधल्या साठलेल्या पाण्याचा मामला. एका रेषेत असतील तर तिथे लाकडी पट्टी, गालिच्याचा तुकडा किंवा स्टीलचा पट्टा टेकलेला होता आणि त्याने ओल धरून ठेवली. वरच्या पत्र्यावर सेंडरभोवती खड्डे असतील तर डेकवरचे झाकण गळते. फिटिंगलगत असतील तर पितळ आणि ॲल्युमिनियमची जोडी खाऱ्या पाण्यात आली. तळाला बाहेरून काहीच नसेल आणि तरी भोक असेल, तर आतल्या इथेनॉल-पाण्याच्या थराने ते केले. त्या वेळी दोष फिलर कॅपचा किंवा व्हेंटचा.

मग टाकी बसत होती ती पोकळी पाहा. मागच्या टोकाला पाणी बिल्जमध्ये वाहून जायची भोके असायला हवीत. ती बहुतेकदा फोमने बुजलेली असतात. ती मोकळी करा. स्ट्रिंगरच्या आतल्या बाजूला तळाजवळ ६ मिमीची दोन-तीन भोके पाडून भुसा पाहा: फिका आणि कोरडा आला तर ठीक, तपकिरी आणि ओला आला तर टाकीपेक्षा मोठे काम समोर आहे.

वीस फुटांखालच्या बोटींत हा फोम तरंगण्यासाठीही असतो, अमेरिकी नियमांनी तरंगण्याची अशी सोय बंधनकारक आहे. शंभर लिटर कोरडा फोम साधारण ९५ किलो उचलून धरतो. तो काढून टाकला तर तेवढाच दुसरीकडे, गनवेलखाली किंवा नाळेत, भरला पाहिजे. भिजलेल्या फोमला मात्र ही उचल उरलेली नसते, उलट वजनच असते.

नवी टाकी ही पोकळी रिकामी झाल्यावरच मोजून मागवा, माहितीपत्रकावरून नको. ५०५२, ५०८३ किंवा ५०८६ मिश्रधातू, बाहेरून एपॉक्सी प्रायमर, चारी बाजूंनी हवा खेळेल इतकी मोकळी जागा, तळाला सलग पट्ट्यांवर टेकू, आणि त्या पट्ट्या पॉलियुरेथेन सीलंटने टाकीला पूर्ण चिकटवलेल्या, म्हणजे मध्ये पाणी शिरणार नाही. फोम भरणे टाळता येत असेल तर टाळा. पॉलिथिलीनची टाकी घेतलीत तर ती पेट्रोलने साधारण दोन टक्के फुगते. १८०० मिमीची टाकी तीन-चार सेंटिमीटर वाढू शकते हे धरूनच जागा ठेवा, आणि तिला फोममध्ये कोंडू नका. सगळे होज नवे, टाकी आणि फिलरच्या ग्राउंडची हिरवी तार पुन्हा जोडलेली, फिलरच्या होजला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा. डेक बंद करण्याआधी टाकी काठोकाठ भरून एक रात्र ठेवा.

जुनी टाकी भंगारवाल्याकडे जाते आणि तो तिला गॅस कटर लावतो. पत्र्यावरच्या गाळात मुरलेले पेट्रोल तापले की पुन्हा वाफ होते, महिनाभर उघडी ठेवलेली टाकीसुद्धा अशी फुटू शकते. म्हणून साबणाच्या पाण्याने पुन्हा धुवून, सगळी तोंडे उघडी ठेवून ती उन्हात राहू द्या. नंतर पाण्याने काठोकाठ भरा आणि वरच्या पत्र्याला प्रत्येक कप्प्यावर हातड्रिलच्या होल सॉने मोठे भोक पाडा. पाणी काढून टाका, बाजूला ऑइलपेंटने ‘पेट्रोलची टाकी’ असे मोठ्या अक्षरांत लिहा, आणि देताना भंगारवाल्याला तोंडीही सांगा की गॅस लावायचा नाही, पत्रा कापायच्या कात्रीने कापायची.